तीनदा परत आलेली कथा आणि एका फटक्यात लागलेली कथा

रेवाकाठ | १४ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते. आज धागा काढतेय, कारण घरात हा विषय बोलायला कुणी नाही.

नोकरी सांभाळून चार वर्षं कथा लिहितेय. लिहिणं पहाटे साडेचार ते सहा, मग डबे. एक कथा माझ्या फार जवळची आहे. इगतपुरीत रेल्वेलाइनजवळच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी आत्या, रेल्वेच्या दवाखान्यातून आया म्हणून निवृत्त झालेली. वीस वर्षं न बोललेला भाऊ कल्याणहून तिला कायमचं न्यायला येतो. ती चहा टाकते, त्याचं सगळं ऐकून घेते, बॅग भरते, स्टेशनवर येते. घाट उतरण्याआधी गाडी थांबते तेवढ्या वेळात भावाची पिशवी त्याच्या सीटखाली नीट सरकवून देते आणि खाली उतरते. एवढीच कथा.

पहिल्या दिवाळी अंकाकडून उत्तरच आलं नाही. माझी कथा त्यात नाही हे अंक स्टॉलवर उभ्याने चाळला तेव्हा कळलं. दुसरीकडून एक ओळ आली, 'आपले लेखन अंकाच्या स्वरूपात बसत नाही.' तिसऱ्या संपादकांनी परवा स्वतः फोन केला. कथा आवडली म्हणाले, पण शेवट बदला, आत्या गाडीत बसली पाहिजे. दिवाळीचा अंक आहे, वाचकाला रिकाम्या हाताने पाठवू नका. जुलैअखेरपर्यंत बदलून दिलीत तर घेतो.

मधल्या काळात दोन बैठकांत लिहिलेली एक कथा एका अंकाने आठवड्यात स्वीकारली. छापून आली, लोकांचे फोन आले, सासूबाईंनी अंक शेजारी नेऊन दाखवला. आणि मला आतून काहीच झालं नाही. ती कथा मी आज उघडूनही बघत नाही.

मला दोन्ही गोष्टी झेपत नाहीयेत. नकार आला की आठवडाभर हात चालत नाही, आणि स्वीकार आला तेव्हा तर दोन महिने चालला नाही. तुम्ही काय करता? आणि शेवट बदलू का?

---

मोगरा | १४ जुलै, रात्री ११.०२

शेवट बदलू नकोस. बास.

---

बंड्या_सांगलीकर | १४ जुलै, रात्री ११.१५

आमचे आण्णा म्हणायचे, परत आलेला पोरगा आणि परत आलेली कथा, दोघांना आधी जेवायला वाढायचं, मग विचारायचं काय झालं. त्यांच्या सतरा कथा परत आल्या होत्या. पोस्टमन सायकलवरूनच ओरडायचा, "आण्णा, आली बरं का माघारी!" आई चहा टाकायची आणि दोघं ओसरीवर बसून पाकीट उघडायचे. अठरावी आली नाही, तर पोस्टमनच काळजीने विचारायला आला, "पत्ता चुकला की काय हो?" ती छापून आली होती.

---

शाईपेन | १५ जुलै, सकाळी ७.३०

मोगराताई, इतक्या झटपट निकाल देऊ नये असं मला वाटतं. आपण कुणीच कथा वाचलेली नाही. संपादकाने स्वतः फोन केला ही साधी गोष्ट नाही. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना लांबलचक पत्रं लिहायचे, पुन्हा लिहायला लावायचे. मराठी कथेची एक अख्खी पिढी त्या पत्रांवर घडली. 'साभार परत'ची चिठ्ठी वेगळी आणि 'इथे काहीतरी अडतंय' असं सांगणारं पत्र वेगळं. दुसरं मिळणं म्हणजे अर्धा स्वीकारच आहे.

तिसऱ्या संपादकांशी पुन्हा बोला. त्यांना नेमकं कुठे खटकलं ते विचारा.

---

गोदाकाठ_परभणी | १५ जुलै, सकाळी ९.१०

शाईपेन, अर्धी गोष्ट सांगितली तुम्ही. त्याच 'सत्यकथे'ची १९६९ साली होळी केली होती नव्या लिहिणाऱ्या पोरांनी. का केली? कारण काय छापायचं आणि काय नाही हे गिरगावातल्या एका खोलीत ठरतंय असं त्यांना वाटत होतं. त्यांनी नकार पचवला नाही, फेकून दिला आणि स्वतःची मासिकं काढली. त्याच्याही आधी, १९५४-५५ च्या सुमाराला, 'शब्द' तर सायक्लोस्टाइलवर निघालं होतं. आमच्या औरंगाबादला पानतावणे सरांनी दलित साहित्याचं 'अस्मितादर्श' चालवलं, आणि ज्यांना दुसरीकडे दार बंद होतं त्यांची पहिली अक्षरं तिथं छापून आली.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. कथेत माझी आज्जी बोलते तशी बोलते. 'कुठी गेलता', 'लेकरू', 'इवायाचा मान'. एका अंकाने परत पाठवली, सोबत सल्ला होता की संवाद प्रमाण भाषेत करा, पुण्या-मुंबईच्या वाचकाला जड जातं. मी तीन रात्री बसून संवाद बदलले. चौथ्या रात्री वाचून पाहिलं तर आज्जी मेलेली होती. कथेत ती शेवटपर्यंत जिवंत आहे, पण कागदावर मेली होती. सगळं पुसलं, होतं तसं केलं. मग नांदेडकडच्या एका छोट्या अंकाने ती घेतली. मानधन नाही, भेट अंक एक. पण गावात दहा जणांनी ती कथा मोठ्यानं वाचली, आणि एकजण म्हणाला, "ही तर आमच्या म्हातारीसारखीच बोलती."

तेव्हा रेवाताई, बदल कुणाच्या फायद्याचा ते आधी बघा. कथेच्या का अंकाच्या.

---

मोगरा | १५ जुलै, सकाळी ९.४४

गोदाकाठ, +१. अंगावर काटा आला.

---

अनुजा_क | १५ जुलै, दुपारी १.२०

मला रेवाचा दुसरा प्रश्न जास्त जवळचा वाटला, स्वीकार न झेपण्याचा. त्यावर कुणी बोलत नाही, कारण बोललं की नाटक वाटतं.

आमचा सहा जणींचा कथावाचनाचा गट होता. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचो, कथा वाचायचो. माझी कथा एका नावाजलेल्या अंकात लागली तेव्हा मी गटावर कळवलं. पाच 'अभिनंदन' आले, पाच फुलांची चित्रं आली, आणि पुढच्या महिन्यात बैठक झाली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. भांडण नाही, काही नाही. आणि मला कथा लागल्याचा आनंद कमी आणि अपराधीपणा जास्त वाटत राहिला. नवीन लिहायला बसले की मनात एकच, ही त्या कथेइतकी चांगली होईल का. नकारात निदान हा प्रश्न नसतो. नकार आला की आपण मोकळे असतो, कुणी आपल्याकडे बघत नसतं.

बाहेर कशी आले ते सांगते. अंक हातात आला त्या दिवशीच दुसऱ्या कथेची पहिली चार वाक्यं लिहून ठेवायची, असं ठरवलं. चांगली-वाईट कशीही, पण अभिनंदनाचे फोन सुरू व्हायच्या आत. आता स्वीकाराचं पत्र आलं तरी तेच करते, नकाराचं आलं तरी तेच.

गटातली एक मैत्रीण दीड वर्षाने स्वतःहून आली. म्हणाली, तुझी कथा मी तेव्हा वाचलीच नव्हती, आत्ता वाचली. आम्ही दोघी खूप रडलो. आता आम्ही दोघीच जमतो.

---

दुर्गवेडा | १५ जुलै, दुपारी ३.०५

अवांतर: कथा पाठवताना युनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये पाठवता ना? माझ्या एका कथेवर काहीच उत्तर आलं नव्हतं. वर्षाने कळलं, जुन्या फाँटमधली फाइल त्यांच्या संगणकावर उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसत होती. त्यांनी तो व्हायरस समजून पुसून टाकला. मी वर्षभर स्वतःच्या प्रतिभेला दोष देत बसलो होतो.

---

सिअ‍ॅटलकर | १६ जुलै, सकाळी ६.१५

मी इथे इंग्रजीत विज्ञानकथा लिहितो, मराठीत अधूनमधून. दोन्हीकडच्या रीती वेगळ्या आहेत म्हणून लिहितो.

इथे नकार हा रोजचा व्यवहार आहे. बरीच मासिकं किती दिवसांत उत्तर देणार ते आधीच सांगतात. 'क्लार्क्सवर्ल्ड'सारखं मासिक तर सहसा काही दिवसांतच कळवतं. नकाराचं पत्र छापील असतं, पण ते येतं. त्यामुळे कथा लगेच दुसरीकडे जाते. मी एक तक्ता ठेवलाय: कथा, कुठे पाठवली, कधी, उत्तर कधी आलं. नकार आला की त्याच दिवशी संध्याकाळी कथा पुढच्या ठिकाणी रवाना. हळहळ करायची असेल तर ती पाठवून झाल्यावर.

अर्थात इथेही सगळं आलबेल नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेल्या कथांचा असा लोंढा आला की 'क्लार्क्सवर्ल्ड'ला काही आठवडे कथा घेणंच थांबवावं लागलं. तेव्हा माझी एक कथा पाठवायला तयार होती. दार बंद पाहून वाईट वाटलं, पण संपादकांचंही वाईट वाटलं. माणसाची कथा शोधायला त्यांना किती उपसावं लागत असेल.

मराठीत मला सर्वांत जास्त त्रास होतो तो गप्प बसण्याचा. एकच कथा दोन अंकांना देऊ नये हे मान्य. दोन्हीकडे छापून आली तर लेखकाची पत जाते. पण मग संपादकांनीही वेळेत कळवावं. मे महिन्यात दिलेली कथा सप्टेंबरपर्यंत अडकून राहिली तर तिचं ते वर्ष गेलं. दिवाळी एकदाच येते.

---

शाईपेन | १६ जुलै, सकाळी ८.००

सिअ‍ॅटलकर, शेवटच्या परिच्छेदाशी हजारदा सहमत. नकार सहन होतो, मौन नाही.

गोदाकाठ, तुमची आज्जी वाचल्यावर माझं आधीचं म्हणणं थोडं आवरतं घेतो.

---

जुळारी | १६ जुलै, रात्री ९.५०

मी मुळात छापखान्यात खिळे जुळवणारा. पुढे मुद्रितशोधन केलं, आणि शेवटची चौदा वर्षं एका दिवाळी अंकाचं संपादन सांभाळलं. अंकाचं नाव महत्त्वाचं नाही, तो आता बंद आहे. टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो. सिअ‍ॅटलकरांची तक्रार खरी आहे, आणि त्यात मीही दोषी आहे.

मराठीत दिवाळी अंकाची रीत १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केली. तेव्हापासून आजतागायत अंक उभा राहतो तो जाहिरातींवर. लेखकाला हे माहीत असतं, पण त्याचा अर्थ उमगत नाही. अंक सोळा पानी फॉर्ममध्ये छापला जातो. समजा अंकाचे बारा फॉर्म ठरले. गणपती उठले की जाहिरातीचा माणूस येतो आणि सांगतो, सहा पानं आणखी मिळाली. फॉर्म वाढवायचा तर कागदाचा खर्च परवडत नाही. मग सहा पानं कुठून काढायची? लागलेल्या मजकुरातून. लेख काढता येत नाही, तो मागून घेतलेला असतो. कविता काढून उपयोग नाही, तेवढ्याने पानं भरत नाहीत. नवीन लेखकाची सहा-सात पानांची कथा अचूक मापाची असते. मी अशा कथा काढल्या आहेत. दोनदा वाचून, खुणा करून, मुद्रितं तपासून झाल्यावर काढल्या आहेत. आणि मग त्या लेखकाला काय लिहायचं? 'आपली कथा साबणाच्या जाहिरातीमुळे राहिली'? ते लिहायची लाज वाटायची, म्हणून 'अंकाच्या स्वरूपात बसत नाही' असं लिहायचो. कधीकधी तेही राहून जायचं. त्या लेखकांनी ते वाक्य किती रात्री उलटसुलट केलं असेल, हे आज या धाग्यावर कळतंय.

एक लेखक होता, कोकणातल्या एका शाळेत मास्तर. त्याच्या कथा मी तीन वर्षं परत पाठवल्या. तिसऱ्या वेळी कथा खरोखर चांगली होती, जागा नव्हती. 'पुढच्या वर्षी नक्की पाठवा' असं चिठ्ठीवर हाताने लिहायचं मनात होतं. टेबलावर ढीग होता, राहून गेलं. त्याने पुन्हा कधीच काही पाठवलं नाही. ती एक ओळ न लिहिल्याचं मला अजून लागतं.

आता रेवाताई, तुमच्या प्रश्नाबद्दल. संपादकाला दुखतं ते खरं असतं, औषध बहुतेक वेळा चुकीचं असतं. गुडघा दुखतोय असं तो सांगतो, काटा तळपायात असतो. 'शेवट बदला' याचा अर्थ बरेचदा एवढाच, की शेवटाला पोचेपर्यंत माझा विश्वास उडाला होता. कुठे उडाला हे त्यालाही सांगता येत नाही. तुमची हरकत नसेल तर कथा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वाचून सांगतो. आता मला जाहिरातवाल्यांना उत्तर द्यायचं नाही, निवांत वाचीन.

---

बंड्या_सांगलीकर | १६ जुलै, रात्री १०.१२

जुळारीकाका, ही प्रतिक्रिया छापून भिंतीवर लावावी अशी आहे. आण्णा असते तर तुम्हाला भेटायला आले असते.

---

रेवाकाठ | १६ जुलै, रात्री ११.३०

जुळारीकाका, व्यनि केलाय. हात थरथरत होते पाठवताना.

अनुजा, तुझी प्रतिक्रिया तीनदा वाचली. कुणी आपल्याकडे बघत नसतं तेव्हा मोकळं वाटतं, हे मला शब्दात सापडत नव्हतं.

---

मोगरा | १८ जुलै, सकाळी १०.००

काका, वाचलीत का? सगळे थांबलोय.

---

जुळारी | १९ जुलै, दुपारी ४.२५

वाचली. दोनदा वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. रेवाताईंच्या परवानगीने इथेच लिहितो.

शेवट अजिबात हलवू नये. ती पिशवी सीटखाली सरकवताना तिचा बंद दोनदा गुंडाळून ठेवते, कुणाचा पाय अडकू नये म्हणून. त्या एका कृतीत तिची सगळी नोकरी आहे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पायात काही येऊ नये हे पाहणारी बाई.

काटा सातव्या पानावर आहे. भाऊ चहा पिताना माफी मागतो, ती माफी दीड पान चालते. तो का बोलला नाही, वहिनीने काय केलं, जमिनीचा कागद कुणाकडे होता, सगळं सांगतो, आणि इतकं चांगलं सांगतो की मी त्याच्या बाजूचा होऊन गेलो. पुढे आत्या उतरते तेव्हा ती मला निष्ठुर वाटली. संपादकाला हेच टोचलं असणार. त्याला वाटलं तिला गाडीत बसवलं की टोचणं थांबेल. माझ्या मते भावाला इतकं बोलू देऊ नका. 'चुकलं' एवढं म्हणून त्याने बशीत चहा ओतावा. पुढचं तुम्हाला माहीत आहे, मला कशाला सांगता.

आणि मधे जो कुकरचा परिच्छेद आहे तो फार देखणा आहे, पण या कथेचा नाही. दुसरीकडे वापरा.

---

गोदाकाठ_परभणी | १९ जुलै, संध्याकाळी ६.४०

बशीत चहा! काका, काय बोललात.

---

शाईपेन | १९ जुलै, रात्री ८.१५

मला मात्र एक शंका आहे. माफी काढली तर वीस वर्षं का बोलले नाहीत हे वाचकाला कळणार कसं? थोडं ठेवावं लागेल.

---

जुळारी | १९ जुलै, रात्री ८.५०

जमिनीचा एक उल्लेख दुसऱ्या पानावर आहेच, आत्या लाइट बिल शोधताना जुना सातबारा हाताला लागतो तिथे. तेवढा पुरे. पण शाईपेन, तुमची शंका रास्त आहे. रेवाताईंनी दोन्ही करून मोठ्याने वाचून बघावं.

---

अनुजा_क | २० जुलै, सकाळी ११.००

रेवा, त्या 'सोप्या' कथेबद्दल एक विचारू? दोन बैठकांत झाली म्हणून ती तुला हलकी वाटते का? माझ्या एका कथेच्या बाबतीत मी तसंच करत होते. नंतर लक्षात आलं, ती लिहायला दोन दिवस लागले पण ती माझ्या डोक्यात सहा वर्षं होती. एकदा उघडून बघ ना.

---

रेवाकाठ | २७ जुलै, सकाळी ६.०५

पहाटे काम संपवलं, सगळ्यात आधी इथे लिहितेय.

माफी दीड पानावरून चार ओळींवर आणली. शाईपेन, तुमच्यासाठी सातबाऱ्याच्या जागी एक वाक्य वाढवलं, त्यात भावाची सही आहे. आधी मी माफी पूर्ण काढून वाचली होती, तेव्हा भाऊ नुसता पाहुणा वाटत होता. चार ओळींनी तो भाऊ झाला. कुकर काढताना फार जड गेलं. वेगळ्या वहीत ठेवलाय.

काल संपादकांना फोन केला. सांगितलं, शेवट तोच आहे पण आधीची दोन पानं बदलली आहेत, वाचाल का? ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "पाठवा. पण गणपतीच्या आधी कळवीनच असं नाही." मी म्हटलं, कळवा मात्र नक्की, नाही म्हणायचं असलं तरी. ते हसले आणि हो म्हणाले. असं बोलायचं धाडस मला दोन आठवड्यांपूर्वी झालं नसतं.

अनुजा, ती दुसरी कथा काल उघडली. अर्धी वाचली. वाटली होती तेवढी वाईट नाहीये. मधे एक शिंपी आहे, तो मला आवडला. त्याचं पुढे काहीतरी करता येईल असं वाटतंय. पाच वाक्यं लिहून ठेवली आहेत.

---

बंड्या_सांगलीकर | २७ जुलै, सकाळी ७.४०

पाच! अनुजाताईंनी चारच सांगितली होती. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

---

जुळारी | २७ जुलै, सकाळी ९.३०

त्या कोकणातल्या मास्तरांचा शाळेचा पत्ता जुन्या वहीत सापडला. बावीस वर्षं झाली, आता ते निवृत्त झाले असतील. तरी काल पत्र टाकलं. कथेचं नाव मला आठवत होतं, ते लिहिलं, आणि ती अजून असेल तर वाचायला पाठवा म्हटलं.

---

मोगरा | २७ जुलै, सकाळी ९.३६

काका, उत्तर आलं की याच धाग्यावर सांगा.